आठवी पाकळी

इंदूची अक्का रोज दारात आठ पाकळ्यांच्या फुलाची रांगोळी काढायची आणि शेवटची पाकळी इंदूला भरायला ठेवायची. एकदा इंदू रुसली, तिने पाकळी भरलीच नाही. त्याच दुपारी अक्का गोदावरीत बुडाली.

साठ वर्षांनी गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये इंदूच्या नातीने, चैतालीने, आजीला विचारून तेच फूल कॉम्प्युटरला दिलं. प्रोग्रॅम फुलात फूल, त्यातही फूल काढत खोल जाऊ लागला.

"थांब गं! याला सातच पाकळ्या आहेत."

"आजी, चष्मा पूस. मी मोजून आठ दिल्यात."

चैतालीने चित्र आणखी मोठं केलं, आणि बोटाने मोजलं: सात भरलेल्या, आठवी कोरी.



अगदी आतपर्यंत, प्रत्येक फुलात, अक्काने एक पाकळी इंदूसाठी ठेवली होती.