वरच्या आळीच्या डब्या

"या आळीत एकच माणूस धड आहे," डॉक्टर म्हणाले, "आणि त्याला आजच्या आज गावाबाहेर काढा."

निघोज्याची वरची आळी चावडीपुढे बसली होती. सगळ्यांनी वळून सोनबाकडे पाहिलं, कारण धड म्हटलं की सोनबाकडेच पाहायची आळीची रीत होती. सोनबा पैलवान तेव्हा समोरच्या ओढ्यात रुतलेली डॉक्टरांची जीप खांदा लावून वर काढत होता.

डॉक्टर तरुण होते, पुण्याचे. शहराच्या धुरानं छाती किती बिघडते, यावर त्यांचं संशोधन चाललं होतं. पेठांमधली थुंकी तपासून झाली होती. तिच्याशी ताडून पाहायला शुद्ध हवेचं गाव हवं, म्हणून निघोजे. मागल्या पंधरवड्यात शिपाई माणशी एक पत्र्याची डबी वाटून गेला होता. सकाळी उठल्यावर चांगलं खोकून यात थुंका, असं सांगून.

"पेठांत शंभरात दोघं-तिघं निघाले," डॉक्टर म्हणाले. "इथं सगळ्यांच्या डब्यांत क्षयाचे जंतू. फक्त सोनबाची डबी स्वच्छ."

"म्हंजे पुण्याच्या फुडं गेलो म्हना की," गेनबा म्हणाला. गेनबा आळीतला सर्वांत म्हातारा. त्याला दमा होता, पण अभिमानही होता.

"आजोबा, हसण्यावारी नेऊ नका. सगळ्या आळीला पुरेल एवढं औषध घेऊन आलोय मी." डॉक्टरांनी जीपकडे बोट दाखवलं. "त्या पोराला आधी खेडला पाठवा, कोणा नातेवाइकाकडे. तो तरी वाचेल."

यावर सोनबाची आई गवराबाई हसली. तोंडाला पदर लावून, पण हसली.

"डाक्टर, तुमचं कायतरी चुकतंय. समद्या डब्या त्येच्याच हायेत."

"कोणाच्या?"

"सोनबाच्या. सरकारात जायचा माल, मग बरा नको? म्हाताऱ्याकोताऱ्यांचं खाकरं पाठवून गावाची अब्रू घालवायची व्हय? समदी आळी डब्या घिऊन आमच्या दारात. माझा लेक कुनाला न्हाई म्हनत न्हाई. एका खाकऱ्यात दोन डब्या!"

"आणि ठकुबाई? त्यांची डबी तर मी स्वतः तपासली."

"ती जाऊन दोन वर्सं झाली," गेनबा म्हणाला. ठकुबाई त्याची बायको. "पर तिच्या नावानं डबी आली. आलेलं भांडं रिकामं कसं माघारी द्यायचं? बरं दिसतं का ते?"

डॉक्टर पायरीवर बसले.

"मग सोनबाची स्वतःची तेवढी स्वच्छ कशी?"

"ती शेवटाला भरली. तवर घसा कोरडा पडला व्हता लेकराचा. नुसती थुकी निघाली, मग म्या म्हनलं…"

गवराबाई बोलता बोलता थांबली. हसू तोंडावर तसंच राहिलं. ते पुसायचं ती विसरली होती.

आळीत कोणी खोकलं नाही. गेनबानंसुद्धा आवरून धरलं.

सोनबा हाताचा चिखल झटकत आला. "काढली, सायब." सगळे आपल्याकडे पाहताहेत आणि कोणी बोलत नाही, हे बघून तो परत गेला आणि जीपचा एखादा दिवा फुटलाय का ते वाकून पाहून आला.

"सोनबा, संध्याकाळी ताप येतो?" डॉक्टरांनी विचारलं.

"येतो वाईच. तालमीचा."

"वजन?"

"उतारलंय. उनाळा हाय न्हवं."

मग डॉक्टरांनी सांगितलं. काही न लपवता, पण हळू. क्षय आहे, अजून सुरुवात आहे, आता त्यावर सुया निघाल्यात, बरा होशील. बाकीच्यांनी नव्या डब्या घ्यायच्या आणि ज्यानं त्यानं आपापलं थुंकायचं, माझ्यासमोर. जरा थांबून ते म्हणाले, "नुसती तुझ्या नावाची डबी पाहिली असती ना, तर मी तुला धडधाकट म्हणून सोडून गेलो असतो."

सोनबानं सगळं ऐकून घेतलं.

"सुया?"

"रोज एक. काही महिने."

जीप उचलणारा माणूस मटकन खाली बसला. "सुई न्हाई जमायची, सायब. मला सुईचं लई भ्या वाटतं."

कोणी हसलं नाही. गेनबा उठला. त्यानं बाही खांद्यापर्यंत सारली आणि डॉक्टरांपुढे दंड धरला. दंड कसला, काठीच.

"त्येच्या वाटच्या थोड्या मला टोचा."

मागोमाग आळी उठली. बाह्या वर गेल्या, रांग लागली. ज्यांना बाह्याच नव्हत्या त्यांनी नुसतेच दंड पुढे केले. गवराबाई सगळ्यांना मागे सारत होती. "आदी मी. आय हाय मी त्येची."

"असं चालत नाही हो," डॉक्टर म्हणाले. ही गोष्ट समजावून सांगायची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदाच आली असावी. "ज्याचं दुखणं, त्यालाच टोचावी लागते."

गेनबानं यावर विचार केला.

"बरं. पर बाह्या ऱ्हाऊंद्या वर आमच्या. त्येला एकट्याला कसंतरी वाटंल."

डॉक्टरांनी सुई उकळून घेतली. सोनबानं डोळे घट्ट मिटले. त्याच्या दोन्ही अंगांना वरची आळी उघडे दंड पुढे करून बसली.

सुई टोचली.

"आय गंऽ!" अख्खी आळी कळवळली. गप्प होता तो एकटा सोनबा.