वॉशरच्या मापाची अंगठी

सोनारकाकांनी काउंटरवर ठेवलेली वस्तू चिमटीत धरून उजेडाकडे नेली आणि चष्म्यावरून प्लंबरकडे पाहिलं. तो काळ्या रबराचा वॉशर होता.

"माप आहे," प्लंबर म्हणाला. "तिच्या बोटाचं."

काकांनी आजवर दोऱ्याचं माप पाहिलं होतं, कागदाच्या पट्टीचं पाहिलं होतं. हे नवीन होतं. मग प्लंबरने सगळं सांगून टाकलं. मागच्या महिन्यात तिच्या स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करताना त्याने गंमत म्हणून तिच्या बोटात एकेक वॉशर चढवून पाहिला होता आणि जो बसला तो गुपचूप वरच्या खिशात टाकला होता. तिला पत्ताही लागला नाही, असं त्याने छातीठोकपणे सांगितलं. बोटच घेऊन या, असं काकांनी सुचवून पाहिलं. पण बोट आणायचं तर बोटाची मालकीणही आणावी लागणार, आणि तिला रविवारपर्यंत काही कळू द्यायचं नव्हतं. तीन वर्षं ज्याच्या तोंडून शब्द फुटला नाही, त्याने या खेपेला बेत पक्का आखला होता. आधी अंगठी समोर ठेवायची, मग विचारायचं. ती नाही म्हणाली तर काय, हा विचार तो फक्त पाइप कापताना करायचा. म्हणजे रोजच.

काकांनी वॉशर मापाच्या दांड्यावर सरकवला, खूण पाहिली आणि त्या मापाची, बारीक खड्याची एक अंगठी काढून दिली. किंमत ऐकून प्लंबरने हत्यारांच्या पिशवीतून क्रेडिट कार्ड काढलं. आयुष्यातलं पहिलंच. ते तिनेच काढायला लावलं होतं. तिच्या बँकेत प्रत्येकाला वर्षाकाठी दहा कार्डं खपवावी लागत. तिची नऊ झाली होती आणि दहावं गिऱ्हाईक म्हणून हा आयता हाताशी होता. 'अडीअडचणीलाच वापरायचं हं, नळोबा,' असं बजावून तिने अर्जावर सही घेतली होती. आठ महिने ते पिशवीत टेपच्या गुंडाळीशेजारी पडून होतं. आता त्यावर बारा हप्त्यांत अंगठी घ्यायची होती. जिच्यापासून लपवायचं तिच्याच बँकेच्या कार्डाने पैसे भरायचे, यातली गोम त्या भल्या माणसाच्या डोक्यात काही शिरली नव्हती.

मशीनने कार्ड घेतलं, थोडा वेळ घेतला आणि नाही म्हणालं. काकांनी पुन्हा घालून पाहिलं. पुन्हा नाही. शेजारी कानातली बघत बसलेल्या दोन बायका त्याच्याकडे बघू लागल्या. तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

"नमस्कार सर, बँकेच्या कार्ड तपासणी विभागातून बोलतेय. हा कॉल रेकॉर्ड होतो आहे."

आवाज ओळखायला त्याला अर्धं वाक्यही लागलं नाही. ती बँकेत फोनवर असते एवढंच त्याला ठाऊक होतं. फोनवर काय करते, हे त्याने कधी धड विचारलंच नव्हतं.

तिने कार्डाचे शेवटचे चार आकडे विचारले, जन्मतारीख विचारली, आईचं नाव विचारलं. ज्या बाईशी ती दर आठवड्याला तासभर गप्पा मारायची, तिचंच नाव ती परक्यासारखी विचारत होती आणि तोही वर्गात उभं केल्यासारखा सांगत होता. मग तिने दुकानाचं नाव वाचलं. ते वाचताना ती मध्येच थांबली.

"दागिन्यांचं दुकान आहे, सर. खरेदी आपण स्वतः करताय? कोणी भरीस पाडलेलं नाही ना?"

काका अंगठी पुसत होते, पण कान इकडेच होते. बायकांचंही तेच. प्लंबर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"नाही. कोणी भरीस पाडलं नाही," तो म्हणाला. "तीन वर्षं मनात होतं. धीर होत नव्हता."

पलीकडून तिच्या शेजारच्या कुणाचे तरी प्रश्न ऐकू येत होते. तिचा आवाज नव्हता. नळ बंद केल्यावर शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबायची प्लंबरला सवय होती, पण हे थांबणं त्याला फार जड गेलं.

"बारा हप्ते आहेत," ती म्हणाली. "झेपतील?"

हा प्रश्न तिच्या कागदावरचा नव्हता, एवढं त्यालाही कळलं. त्याने सांगितलं की नव्या सहा मजली इमारतीचं काम मिळालंय, मजल्याला चार न्हाणीघरं आहेत, तेव्हा झेपतील. कमी पडलं तर रविवारीही कामाला जाईन. फक्त हा रविवार सोडून.

"या रविवारी काय आहे, सर?"

"एकीला विचारायचंय."

फोनमध्ये कुणीतरी हळूच नाक ओढलं. मग तिने व्यवहार मोकळा केल्याचं सांगितलं आणि कार्ड पुन्हा घालायला लावलं. या खेपेला मशीनने कुरकुर न करता पावती बाहेर सोडली. काकांनी अंगठी डबीत ठेवली. आणखी काही मदत हवी आहे का, असं तिने नियमाप्रमाणे विचारलं. मदत तर त्याला हवीच होती, पण ती कशी मागावी ते सुचेना.

"एक सूचना आहे, सर," ती म्हणाली. आवाज पुन्हा कागदावरून वाचल्यासारखा झाला होता, फक्त जरासा ओला. "अंगठी एक माप मोठी घ्या. तो वॉशर बोटात ताणून बसला होता."