चिथावणे

"सही कर आणि मशीनवर जाऊन बस." व्यवस्थापकांनी कागद पुढे सरकवला. "माफीनामाच आहे, फाशीचा हुकूम नाही."

शिवणखात्यातल्या बाईने चष्मा पुसला आणि कागद सावकाश वाचायला घेतला. तिला वाचता येतं याचाच साहेबांना राग आला असावा.

सकाळी एक पोटुशी पोरगी तीनदा संडासाची किल्ली मागायला गेली होती. मुकादमाने तिन्ही वेळा तिला हात हलवत परत पाठवलं. चौथ्यांदा ती उठलीच नाही. तिच्या स्टुलाखाली ओघळ आला तेव्हा मुकादम फिदीफिदी हसला. बाईने मशीन बंद केलं, उभी राहिली आणि म्हणाली, "पुरे झालं." पाठोपाठ चाळीस मशिनं थांबली.

बाईने शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. 'मी इतर कामगारांना चिथावले.'

"चिथावले म्हणजे?"

"ज्यांच्या मनात काही नाही त्यांना भरीस घालून उठवलंस," साहेब खुर्चीत रेलले. "बाहेर उभ्या आहेत ना, त्या मेंढ्या. त्यांना कुठलं आलंय डोकं?"

"साहेब, सतरा वर्षं नवऱ्याला सांगतेय, उठा, कामधंदा बघा. अजून खाटेवरून हलला नाही. माझ्या जिभेत एवढा जोर असता तर आधी तो नसता उठला?"

दाराशी उभा असलेला मुकादम खुदकन हसला आणि साहेबांकडे बघून गप्प झाला.

"सही करतेस की घरी जातेस?"

तिने पेन उचललं. 'काम बंद केले' राहू दिलं. 'मुकादमास उलट बोलले' हेही राहू दिलं. शेवटची ओळ तेवढी खोडली आणि खाली सही केली.

"माझं मी कबूल केलं. त्या त्यांच्या मनाने उठल्या. त्यांची माफी मी कशी मागू?"

साहेबांनी कागद चुरगाळला. "चालती हो! एका शब्दापायी नोकरी घालवलीस."

बाईने दार उघडलं. चाळीसजणी बाहेर भिंतीला टेकून उभ्या होत्या.

"तमाशा संपला! कामावर बसा!" साहेब आतून ओरडले. कुणी हललं नाही. ते पुन्हा ओरडले. एकीने जांभई दिली.

साहेब उठून दारापर्यंत आले. आवाज खाली आणून बाईला म्हणाले, "तू सांग ना त्यांना. तुझं ऐकतात."

बाईने त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"म्हणजे, चिथावू म्हणता?"