एकशे बेचाळीसची नामुष्की

"एकशे बेचाळीस." ढापणीनं आकडा वाचला आणि मान खाली घातली.

अंगणातल्या टेबलावर हवा मोजायचं यंत्र होतं, शेजारी बाईंचा लॅपटॉप. लॅपटॉपवर शहरातल्या शाळेचा वर्ग दिसत होता. तिथली वेणीवाली मुलगी खणखणीत आवाजात म्हणाली, "आमच्याकडे अठरा. तापमान चोवीस."

आकडा जितका मोठा, तितकी हवा घाण. दोन्ही शाळांनी आठवडाभर रोज दहा वाजता आपापली हवा मोजायची आणि एकमेकांना सांगायची, असा प्रकल्प होता. तो संपला की शहरातली मुलं चार दिवस शुद्ध हवा खायला गावात येणार होती. वर्गात सगळ्यात जाड चष्मा ढापणीचा. नाव त्यावरूनच पडलं होतं आणि आकडे वाचायचं कामही त्यामुळेच गळ्यात आलं होतं. आज गुरुवार. सोमवारपासून गाव रोज हरत होतं.

शहरातले सर घसा खाकरून म्हणाले, "बाई, सहल उलटी करू या का? तुमचीच मुलं इकडे पाठवा. बिचाऱ्यांना जरा मोकळा श्वास मिळेल."

बाईंनी लॅपटॉप असा मिटला की दोन कावळे उडाले.

दुपारपर्यंत बातमी गावभर झाली. ढापणीचे आजोबा तर खवळलेच. "शहरातल्या एकेका पाहुण्याला मी सांगत आलो, आमच्याकडची हवा बाटलीत भरून न्या म्हणून! आता तोंड कुठं लपवू?"

शुक्रवारी गावानं कंबर कसली. ढापणीच्या बाबांनी बेकरीची भट्टी पेटवलीच नाही. लोकांनी पावाशिवाय चहा ढोसला. लोहारानं भाता बंद ठेवला. सकाळची बस गावाबाहेरच थांबवून इंजिन बंद करायला लावलं आणि प्रवाशांनीच ती शाळेसमोरून ढकलत नेली. आत फक्त ड्रायव्हर होता आणि एक आजीबाई. "मी तिकीट काढलंय," असं म्हणून त्यांनी उतरायला साफ नकार दिला होता.

एवढा खटाटोप केल्यावर आकडा बघायला नको? पावणेदहाला अख्खं गाव शाळेच्या अंगणात लोटलं. जो तो टाचा उंचावून यंत्रात डोकावू लागला.

दोनशे दहा.

"यंत्रच फितूर आहे!" लोहार गरजला.

आजोबांनी रागानं पाय आपटला. दोनशे चौदा.

ढापणीनं चष्मा पुसला. तो लगेच धुळीनं भरला. तिनं खाली पाहिलं. सगळीकडे पायच पाय. रोज दहा वाजता साठ पोरं याच टेबलाभोवती अशीच धक्काबुक्की करायची. तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"कुणीही हलू नका!"

गाव जागच्या जागी थिजलं. लोहाराचा उगारलेला हात तसाच वर राहिला. आजोबांना नेमकी तेव्हाच शिंक आली. त्यांनी ती दोन्ही हातांनी दाबून धरली. धूळ सावकाश खाली बसत गेली. दीडशे. नव्वद. चाळीस. दहाच्या ठोक्याला लॅपटॉपवर वर्ग उघडला.

"बावीस!" ढापणी ओरडली. "तापमान छत्तीस!"

"अठरा," वेणीवाली म्हणाली. "चोवीस."

चारनं हरलो. आजोबांनी शिंक सोडून दिली.

ढापणी मात्र आठवडाभराचे आकडे लिहिलेल्या वहीकडे टक लावून बघत होती. "काय गं, बुधवारी ऊन भाजतंय म्हणालीस. काल धो धो पाऊस म्हणालीस. तरी तापमान रोज चोवीसच कसं?"

"मुख्याध्यापकांच्या खोलीतला एसी चोवीसवरच असतो ना. यंत्र तिथेच ठेवलंय."

ढापणीनं वही मिटली.

"मग बाहेर का नाही ठेवलंत?"

वेणीवालीनं डोळे विस्फारले. "बाहेर? अगं, इथल्या हवेत एका दिवसात बिघडेल ते!"