जोडतास

कॉलेजच्या तपासणीला आलेल्या समितीची गाडी फाटकाबाहेर पडली आणि शिपायानं वर्गात डोकावून सांगितलं, "प्राचार्य सरांनी दोघांनाबी बोलावलंय."

वहिदा मॅडमच्या बोटांना अजून खडू लागलेला होता. विश्वजीत सर मागच्या बाकावरून उठले आणि सावकाश फळा पुसू लागले. समितीतल्या एका बाई जाताना म्हणाल्या होत्या, "कला शाखेत इतकी जागी मुलं फार दिवसांनी पाहिली." ते वाक्य वहिदाच्या कानात अजून घुमत होतं. अशी चांगली गोष्ट या कॉलेजात तिच्या कानावर कधी पडली नव्हती.

कॉलेज बिडकीनच्या रस्त्यावरचं, विनाअनुदानित. ती भूगोलाची, ते इतिहासाचे, दोघंही तासिका तत्त्वावर. बी.ए.ची निम्मी मुलं कंपनीत रात्रपाळी करून येत आणि बाकावर डोकं टेकून झोपत. बाकीची येतच नसत. विश्वजीत सर पैठणहून रोज एसटीनं येत. यंदा कायम होणार, असं ते दर जूनला आईला सांगत. आई, आवडाबाई, आता ते ऐकत ताट वाढायला घेत.

जोडतास सुरू झाला तो पावसाळ्यात, सोनियाच्या एका प्रश्नानं. सर जुन्या नहरीबद्दल सांगत होते. चारशे वर्षांपूर्वी डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नळांतून, नुसत्या उतारावर, शहरात कसं आणलं ते. सोनिया मध्येच म्हणाली, "मग सर, आता मोटारी हायेत, जायकवाडीचं धरण हाय, तरी आमच्या गल्लीत हप्ता हप्ता पाणी का येत नाय?"

झोपलेली दोन-चार डोकी वर झाली. सरांनी खडू खाली ठेवला.

"याचं अर्धं उत्तर माझ्याकडं हाय," ते म्हणाले. "अर्धं शेजारच्या वर्गात."

शेजारच्या वर्गात वहिदा रिकाम्या बाकांसमोर नकाशे गुंडाळत होती. सर तिला नकाशांसकट घेऊन आले. तिनं फळ्यावर शहराचा उतार काढला. पाणी कुणाच्या दारात आधी पोचायचं आणि कुणाच्या दारात पोचायचंच नाही, ते सरांनी त्याच उतारावर दाखवलं. तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठलं नाही.

पुढे दोघांनी तास एकत्रच घ्यायला सुरुवात केली. दुष्काळ, पैठणचा विणकर, कारखान्यांसाठी गेलेल्या शेंद्र्याच्या जमिनी, काहीही घ्यायचं आणि दोन्हीकडून उलगडायचं. पण दिवाळीनंतर सर म्हणू लागले, "इतिहासाचंबी आज तुम्हीच सांगा, मॅडम." आणि स्वतः मागच्या बाकावर मुलांत जाऊन बसत.

"लई आळशी झालात सर तुम्ही," ती म्हणे. ते नुसते हसत.

डबा खाताना मात्र ते तिला सोडत नसत. तिला इतिहास म्हणजे तारखांचं ओझं वाटायचं. ते म्हणत, "तारीख चुकली तर चुकू द्या. हे कुणी लिहिलं आन् कुणासाठी लिहिलं, एवढं विचारायचं सोडू नका." तिनंही त्यांना नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या समोच्च रेषा शिकवून पाहिल्या. त्यांच्या रेषा हटकून एकमेकींना कापत. "असं होतच नसतं सर!" ती कपाळाला हात लावी. आज समितीपुढे दोन्ही विषय तिनं एकटीनं घेतले होते. सर मागून ऐकत होते.

केबिनमध्ये प्राचार्यांनी दोघांसाठी चहा मागवला. असंही पहिल्यांदाच घडत होतं.

"कमाल केलीत. पुढच्या वर्षी तिन्ही वर्गांना जोडतास ठेवतोय."

वहिदानं आनंदानं सरांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

"मात्र संस्थेनं ठरवलंय," प्राचार्य पुढे म्हणाले, "की एका तासाला एकच शिक्षक. भूगोलाला प्रात्यक्षिकं असतात, ते पद ठेवावंच लागतं. त्यामुळं इतिहासही तुम्हीच घ्यायचा, मॅडम. आज पाहिलंच सगळ्यांनी. जमेल ना?"

चहाचा कप तिच्या हातात तसाच राहिला. नवऱ्याचं हिमरू शालींचं दुकान बंद पडल्यापासून घर तिच्यावर होतं. पोरगी बारावीला होती. हो म्हटलं की शेजारी बसलेला माणूस उठून जाणार. आणि नाही म्हटलं तर? कदाचित सरांनाही ठेवावं लागेल. कदाचित संस्था दोघांनाही काढेल. वर्षभर आपण ज्याला मैत्री समजत होतो, त्यातून आपण त्यांचीच जागा खाल्ली, असं तिला वाटलं. तिला त्यांच्याकडे बघवेना.

"नाही जमणार, सर," ती म्हणाली. "मला इतिहास येत नाही. आज नुसतं पाठ करून बोलले."

"मग इतिहास विषयच बंद करू." प्राचार्यांनी पेनाला टोपण लावलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, दुःखही नव्हतं. "तसाही कोण घेतो तो."

तेव्हा विश्वजीत सर पहिल्यांदा बोलले.

"त्या खोटं बोलतायत, सर. चांगला येतो त्यांना. हे माझं शेवटचं वर्ष, असं तुम्ही जूनमध्येच सांगितलं होतं ना मला? म्हणून तर शिकवून ठेवला त्यांना."