तीसच्या आत

"बूट काढा. मोजेही," नर्स म्हणाली.

धाकटा नाडी सोडायला वाकला. वजनकाट्याकडे बघायचा धीर होईना. आज बीएमआय तीसच्या आत आला, तरच सर्जन त्याची किडनी दादाला बसवणार होते. दुसऱ्या कुणाची जुळत नव्हती. भर बैठकीत तो "मी देतो" म्हणाला आणि नातेवाइकांनी कौतुक करकरून त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. आता त्याला भीती वाटत होती.

"मागच्या महिन्यात साडेतीस भरला होता," वहिनी नर्सला म्हणाली. "तेव्हापासून भाऊजींनी रात्रीचं जेवण सोडलंय. ताटावर बसतच नाहीत, सरळ खोलीत जाऊन पडतात."

"नको रे इतके हाल करून घेऊस," खुर्चीतला दादा म्हणाला. त्याचा चेहरा सुजला होता.

"तू गप्प बस, दादा."

काटा चौऱ्याऐंशीवर थांबला.

"अगंबाई! एक किलो वाढलंच की!" वहिनीचा आवाज चिरकला.

"माझ्या अंगाला पाणीसुद्धा लागतं, वहिनी," तो पडेल आवाजात म्हणाला आणि बूट घालू लागला.

"थांबा, उंची राहिली," नर्स म्हणाली.

"ती मागेच घेतलीय. एकशे पासष्ट. या वयात काय वाढणार?"

"नियम म्हणजे नियम. भिंतीला टेका. अहो, ताठ! पोक का काढताय?" तिनं त्याच्या पाठीवर हात दाबून हनुवटी वर केली. त्याला दरदरून घाम फुटला. "हे बघा, एकशे अडुसष्ट. मागे असेच वाकून उभे राहिला असाल."

"उंचीनं काय होतं?" वहिनीनं विचारलं.

"सगळं त्यावरच तर आहे. किलोला मीटरच्या वर्गानं भागायचं. उंची वाढली की आकडा उतरतो." तिनं कॅल्क्युलेटरवर बोटं चालवली. "एकोणतीस पूर्णांक शहात्तर. बसलं! सर्जनना तारीख द्यायला सांगते."

वहिनी त्याचे हात धरून रडायला लागली. धाकटाही लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला.

"उपास फळाला आले हो, भाऊजी," वहिनी म्हणाली.

महिनाभर खोलीला आतून कडी लावून, पोट फुटेस्तोवर त्यानं जे जे खाल्लं होतं, ते सगळं फुकट गेलं होतं.