तीन वाजताची प्लेट

प्लेट किचनच्या खिडकीत ठेवून धाकट्यानं घंटी वाजवली आणि पाठ फिरवली. तीन वाजले होते. दुपारची गिऱ्हाइकं उठून गेली होती, संध्याकाळची यायला अवकाश होता. प्लेटमध्ये लोण्यात भाजलेला मासा होता, बाजूला कोवळे बटाटे.

मावशीनं प्लेट उचलली. दोघा भावांच्या वडिलांच्या काळापासून ती या बारमध्ये वाढायचं काम करत होती. काउंटरमागे बाटल्यांची खोली होती. दुपारी थोरला तिथंच बसायचा. ती प्लेट घेऊन आत गेली आणि तिनं दार लोटून घेतलं.

अर्ध्या तासानं प्लेट परत आली. पुसून घेतल्यासारखी लख्ख.

"काय म्हणाला?" तवा घासता घासता धाकट्यानं विचारलं.

"लिंबू आधी पिळू नकोस म्हणाला. मासा उतरवल्यावर पिळ."

दुसऱ्या दिवशी त्यानं तसंच केलं, आणि मासा खरंच जास्त चांगला झाला.

भावाभावांत एवढंच बोलणं उरलं होतं. अकरा वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हा धाकटा एका जहाजावर स्वयंपाकी होता. ती अत्यवस्थ असल्याचा निरोप त्याला वेळेत मिळाला होता. पण मधल्याच बंदरावर उतरलो तर नोकरी जाईल, म्हणून तो उतरला नाही. चार महिन्यांनी घरी आला. थोरल्यानं दारातच सांगितलं, "तुला आई नव्हती. मला भाऊ नाही."

बार वडिलांनी दोघांच्या नावावर ठेवला होता आणि सोडायला कुणीच तयार नव्हतं. थोरल्यानं काउंटर धरलं. धाकट्यानं मागची अडगळीची खोली झाडून किचन थाटलं. आधी तिथं पेल्याबरोबर खारे दाणे मिळायचे, बस्स. आता लोक जेवायला म्हणून येत आणि पेला निमित्ताला घेत. "दोन घोट पोटात गेले की इथं घुमासुद्धा बोलायला लागतो," एक जुनं गिऱ्हाईक म्हणायचं. "मालकांनाच काय ते लागू पडत नाही."

पहिल्याच दिवशी धाकट्यानं भावासाठी प्लेट लावली होती. ती रिकामी परत आली, तेव्हा तो भाजीच्या टोपल्यांकडे तोंड करून बराच वेळ उभा राहिला होता. तेव्हापासून एक दिवस चुकला नाही. सूप पातळ वाटलं, मिरी जाडसर कुटायला हवी होती, पाव आणखी दोन मिनिटं भाजायला हवा होता. मावशी एखादंच वाक्य आणायची आणि त्या वाक्यावर धाकटा आठवडाभर मेहनत घ्यायचा. बारचं नाव झालं ते त्यातूनच.

यंदा थोरला खंगत चालला. खिडकीतून त्याचा खांदा दिसायचा. सदरा खुंटीला अडकवल्यासारखा लोंबायचा.

"बरा आहे ना तो?" धाकट्यानं एकदा विचारलं.

"वय झालं रे," मावशी म्हणाली.

प्लेट रिकामी येत होती. जेवतोय म्हणजे ठीक असणार, अशी त्यानं मनाची समजूत घातली. तरी मऊ, पचायला हलकं करू लागला.

एका सकाळी बाटल्या मांडता मांडता थोरला खाली कोसळला.

"अन्ननलिकेत गाठ आहे," हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाल्या. "फार पुढे गेलंय. गेले सहा महिने यांच्या घशाखाली पातळ सोडून काही उतरलं नसणार."

"असं कसं? रोज जेवत होता तो. माझ्या हातचं."

डॉक्टर पुढच्या पेशंटकडे निघून गेल्या. धाकट्यानं मावशीकडे पाहिलं. ती पदराशी चाळा करत बाकावर बसली होती.

"ते मी खाल्लं," ती म्हणाली. "भरली प्लेट परत आली असती तर तू खचला असतास."

म्हणजे दुखणं लपवून दादानं आपल्याला सांभाळलं, धाकट्याच्या मनात आलं. सहा महिने.

तो आत गेला. थोरला जागा होता. धाकट्यानं त्याचा हात धरला. अकरा वर्षांत पहिल्यांदा म्हणाला, "दादा, चुकलं माझं." थोरल्यानं मान भिंतीकडे वळवली. कळ आली असेल, धाकट्याला वाटलं. तो हात धरून बसून राहिला. तिसऱ्या दिवशी दुपारी थोरला गेला.

पंधरा दिवसांनी बार उघडला. तीनच्या सुमाराला मावशी टेबलं पुसत होती. धाकटा बाहेर आला. त्याच्या हातात पदार्थांची नावं लिहायची पाटी होती, वर मोठ्या अक्षरांत 'दादाचा मासा'.

"कशी दिसते?"

मावशीनं पाटी वाचली. फडकं तिच्या हातातच राहिलं.

"त्याच्या जिभेनं मला स्वयंपाकी केलं, मावशी," तो खुर्ची ओढून बसत म्हणाला. "माझ्याशी बोलला नाही, पण माझ्या हातचं जेवला. शेवटचे सहा महिने सोड, त्याचा इलाज नव्हता. त्याआधी दहा वर्षं जेवला ना! तेवढं मला जन्माला पुरेल."

मावशी फडक्याची घडी घालत राहिली.

"पहिल्या दिवशी काय म्हणाला होता ग? माझी पहिली प्लेट तू नेलीस तेव्हा. तू म्हणाली होतीस, बरं झालंय म्हणाला. पण तेवढंच? त्याचे शब्द सांग ना. अगदी जसेच्या तसे."

ती त्याच्यासमोर बसली. आजवर ती त्याच्यासमोर कधी बसली नव्हती.

"ती पाटी नको लावूस, बाळा."

"का?"

"'फेकून दे' म्हणाला. पहिल्या दिवशी तेच, आणि त्यानंतर रोज तेच. मला फेकवेना रे."